दुसऱ्याच्या हातून

फिलिप्पैच्या मंडळीत दोन बायांचं बिनसलं होतं. एक युवदीया, दुसरी सुंतुखे. कशावरून बिनसलं हे प्रेषित पौल त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगत नाही. पैशावरून असेल, कुणाच्या घरी जमायचं यावरून असेल, कुणाचा शब्द आधी घेतला गेला यावरूनही असेल. एवढं मात्र तो आवर्जून लिहितो की शुभवर्तमानाच्या कामात या दोघींनी त्याच्या बरोबरीनं कष्ट उपसले होते. म्हणजे या काठावर बसून कुजबुजणाऱ्या बाया नव्हत्या, मंडळी उभी करणाऱ्यांतल्या होत्या. अशा दोघींचं फाटलं की सगळ्या मंडळीचा जीव कोंडतो. लहान मंडळीत ज्यांनी आयुष्य काढलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रविवारी पहिलं गीत सुरू व्हायच्या आधीच, कोण कुठल्या बाकावर जाऊन बसलं यावरून सगळं कळतं.

प्रेषितांची पत्रं तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली जायची. बहुधा या दोघीही तिथेच बसलेल्या असताना त्यांची नावं वाचली गेली असणार. आणि वाचली गेली ती अशी, की पौल दोघींना एका दमात उपदेश करून मोकळा होत नाही. एकीला वेगळी विनंती करतो आणि दुसरीला तीच विनंती पुन्हा वेगळी करतो. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा त्यानं दिलेला नाही. दोघींची नावं जीवनाच्या पुस्तकात लिहिलेली आहेत हे तो त्याच श्वासात सांगतो आणि तिथल्या एका सोबत्याला विनवतो की बाबा, यांना मदत कर.

याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या नम्रतेविषयीचा तो विख्यात उतारा येतो. देवाशी बरोबरीचं स्थान असूनही ख्रिस्तानं ते मुठीत आवळून धरलं नाही, स्वतःला रितं केलं, दास झाला आणि वधस्तंभापर्यंत खाली उतरला, असा त्याचा आशय. धर्मज्ञानाच्या विद्यालयांत या उताऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास होत आला आहे. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण यांविषयीचे मोठमोठे विचार त्यातून निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण हा उतारा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर परिषद नव्हती, भांडणारी मंडळी होती. मला तर पक्कं वाटतं की दुसरा अध्याय सांगतानाच चौथ्या अध्यायातल्या या दोघी पौलाच्या मनात उभ्या होत्या. ख्रिस्ताविषयी त्याला जे सर्वांत उंच सुचलं, ते त्यानं दोन बायांच्या तंट्यासाठी खर्ची घातलं. मंडळीतला तंटा त्याला क्षुल्लक वाटत नव्हता, हे यावरून कळतं.

या उताऱ्यावर आपण प्रवचन ऐकतो तेव्हा मनात लगेच द्यायच्या गोष्टी येतात. कुणाला मदत करावी, कुणाच्या घरी जाऊन प्रार्थना करावी, नाताळात वस्तीतल्या मुलांना कपडे वाटावेत. हे सगळं चांगलंच आहे आणि मंडळीनं ते करतच राहावं. पण देणारा हात वर असतो, घेणारा खाली. देताना आपलं स्थान हलत नाही. उलट जरासं उंचावतंच. ख्रिस्ती मंडळीत प्रेमाची कमतरता आहे असं मला फारसं वाटत नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर रात्री दोन वाजता धावून येणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती याच मंडळीतली होती. आपण अडतो ते घेताना. ज्याच्याशी आपलं पटत नाही, जो आपल्याला कमी शिकलेला वाटतो, ज्याचं कूळ आपल्याला ठाऊक असतं, त्याच्या हातून काही घेणं आपल्याला जड जातं. नम्रतेची परीक्षा होते ती तिथे.

पौलाचं फिलिप्पैशी असलेलं नातंच मुळात घेण्यातून जुळलेलं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात ती हकिकत आहे. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायांमध्ये थुवतीराची लुदिया होती, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिनं पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी उतरायचा इतका आग्रह केला की त्यांचं काही चाललं नाही. मग पौल आणि सीला यांना फटके बसले आणि तुरुंगात त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. मध्यरात्री भूकंप झाला. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला, तोच पौलानं ओरडून त्याला थांबवलं. त्यानंतर जे घडलं ते आपण घाईनं वाचून पुढे जातो. अधिकाऱ्यानं त्याच रात्री त्या दोघांना नेलं आणि त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानं या दोघांपुढे अन्न वाढलं. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. काही तासांपूर्वी ज्यानं आपले पाय खोड्यात घातले, त्याचे हात पौलानं आपल्या सोलवटलेल्या पाठीला लागू दिले, आणि मग त्याच्याच घरी तो जेवला. पौलानं या माणसाला बाप्तिस्मा दिला हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच्याकडून आधी जखमा धुऊन घेतल्या, हेही तितक्याच अभिमानानं सांगायला हवं.

पुढे पौल थेस्सलनीकात असताना फिलिप्पैच्या मंडळीनं त्याची गरज भागवायला एकदा नव्हे, अधिक वेळा मदत पाठवली. करिंथमध्ये हाच पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि करिंथकरांकडून त्यानं काही घेतलं नाही. त्याला कारणं होती आणि त्यानं ती मांडलीही आहेत. फिलिप्पैकरांकडून मात्र तो घेत राहिला. तुरुंगातून त्यांना पत्र लिहितानाही एपफ्रदीताच्या हाती त्यांनी पाठवलेल्या वस्तूंची पोच तो देतो. तो एपफ्रदीत तिथेच आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता. आपलं दुखणं घरी कळलं या विचारानं तोच कासावीस झाला होता. या सगळ्या पत्रभर आनंद भरून राहिला आहे, आणि तो आनंद एका घेणाऱ्या माणसाचा आहे.

पेत्राला हे जमलं नव्हतं. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्राची पाळी आली तेव्हा त्यानं साफ नकार दिला. तो नकार दिसायला किती नम्र आहे! गुरूनं माझे पाय धुवायचे? कधीच नाही. आपल्याकडचा कुणीही भला माणूस हेच म्हणेल. येशूनं मात्र तो नकार चालवून घेतला नाही. मी तुला धुतलं नाही तर तुझं माझं नातंच उरत नाही, इतक्या टोकाला जाऊन तो बोलला. पेत्राच्या त्या नकारात आदर होता यात शंका नाही, पण हट्टही होता. प्रभूनं कुठे असावं हे आपण ठरवायचं, असा हट्ट. प्रभू उंचावर राहिला की आपली जागाही ठरलेली राहते. तो आपल्या पायांशी बसला की मात्र तोंड कुठे लपवावं ते कळत नाही.

त्या रात्री यहूदाचेही पाय धुतले गेले, हे विसरता येत नाही. तो तेव्हा खोलीतच होता, बाहेर पडला तो नंतर. येशूला सगळं ठाऊक होतं आणि पाण्याचं भांडं त्याच्यापुढेही आलं.

पवित्र गुरुवारी आपल्याकडच्या कॅथलिक देवळांत हा विधी होतो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची नव्यानं मांडणी केली, तेव्हा तो संध्याकाळच्या मिस्साच्या आत आणला. वसईच्या गावांत ज्यांना त्यासाठी बोलावलं जातं ते घरूनच पाय स्वच्छ घासून येतात. यात लाजण्यासारखं काही नाही, ती साधी मर्यादा आहे. तरी मला वाटतं की पेत्राचा संकोच त्यातही थोडा शिल्लक आहे. दुसऱ्याच्या हाती द्यायचं ते आधी आपणच नीटनेटकं करून ठेवावं, असं आपल्याला वाटत राहतं. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. बारा जणांत दोन मुली होत्या आणि मुसलमान मुलंही होती. पोपच्या नम्रतेचं जगभर कौतुक झालं, ते योग्यच झालं. मला त्या मुलांची नम्रता तितकीच मोठी वाटते. चोऱ्यामाऱ्या करून आत आलेलं पोर, ज्याला बहुधा आजवर कुणी प्रेमानं हात लावला नसेल, ते कॅमेऱ्यांच्या जगासमोर आपलं अनवाणी पाऊल एका म्हाताऱ्याच्या हातात देतं. त्याला किती धीर लागला असेल!

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये हा विधी क्वचितच दिसतो. ब्रदरन मंडळी मात्र तो निष्ठेनं पाळते. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी अलेक्झांडर मॅक आणि त्यांच्या सोबत्यांनी ही मंडळी सुरू केली आणि पुढे ती अमेरिकेत वाढली. तिच्या मिशनऱ्यांनी गुजरातेत वलसाडला आणि आपल्याकडे डहाणू, पालघरच्या भागात काम केलं. त्यांच्या प्रेमभोजनात आधी आत्मपरीक्षण असतं, मग पाय धुणं, मग सगळ्यांचं एकत्र जेवण आणि शेवटी प्रभूची भाकर आणि प्याला. एका पद्धतीत प्रत्येक जण शेजाऱ्याचे पाय धुतो आणि मग स्वतः दुसऱ्या शेजाऱ्याकडून धुऊन घेतो. कुणीच केवळ देणारा राहत नाही आणि केवळ घेणाराही. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आणि मन खिन्न होतं ते हे वाचून, की एकोणिसाव्या शतकात याच मंडळीत पाय धुण्याच्या पद्धतीवरून मोठा वाद माजला होता. ज्यानं पाय धुतले त्यानंच ते पुसायचे, की एकानं धुवायचे आणि दुसऱ्यानं पुसायचे, यावर माणसं तट करून उभी राहिली. दोन्ही बाजूंना आपलंच शास्त्राला धरून आहे असं मनापासून वाटत होतं. कमरेला रुमाल बांधलेला असतानाही माणूस आपला हेका सोडत नाही. म्हणून नम्रतेसाठी रोज सकाळी प्रार्थना करावी लागते, कुठल्याही विधीवर ती सोपवून चालत नाही.

या मंडळीविषयी आणखी थोडं लिहायला हवं, कारण तिची वाट आपल्या नागपूरवरून गेली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आली. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेतून आधीच एकत्र झालेली मंडळी होती, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्टांची एक शाखा होती, डिसायपल्स होते आणि ब्रदरन होते. अहमदनगर, सोलापूर, साताऱ्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही या वाटेनं तिथे पोचल्या. बोलणी कित्येक वर्षं चालली होती. अडचणी खऱ्या होत्या. काहींकडे बिशप होते, काहींना बिशप हा शब्दच नको होता. काही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत, काहींच्या मते विश्वास कबूल करण्याइतकी समज आल्याशिवाय बाप्तिस्मा देणंच चूक. शेवटी दोन्ही रीती ठेवायचं ठरलं. माझ्या मते यात मोठी उदारता होती. पण सर्वांत नाजूक प्रश्न पाळकांचा होता. बिशपच्या हातून ज्याची दीक्षा झालेली नाही तो खरा पाळक का? हा प्रश्न नुसता विचारला तरी समोरच्याचं सगळं आयुष्य हिणवल्यासारखं होतं. पंचवीस-तीस वर्षं ज्यानं खेड्यापाड्यांतून सायकल दामटत मंडळी सांभाळली, शेकडो बाप्तिस्मे आणि मयती केल्या, त्याला सांगायचं की तुझी दीक्षा पुन्हा करू?

त्यावर जो मार्ग काढला तो असा. प्रत्येक परंपरेच्या सेवकांनी दुसऱ्या परंपरेच्या सेवकांच्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि ज्यांनी ठेवले त्यांनीही मग डोकं वाकवून तेच हात आपल्या डोक्यावर घ्यायचे. कुणी कुणाला दीक्षा देतो आहे असं म्हणायचं नाही. ज्याला जे कमी पडत असेल ते देवानं भरून काढावं, एवढी प्रार्थना करायची. मला ख्रिस्ती मंडळीच्या आपल्याकडच्या इतिहासात याहून देखणी गोष्ट सहसा आठवत नाही. बिशपची टोपी काढून खाली गुडघे टेकायचे आणि ज्याच्या पाळकपणाविषयी आपल्या पूर्वजांनी शंका घेतली, त्याचे हात आपल्या डोक्यावर घ्यायचे.

पुढचा इतिहास सगळाच असा राहिला नाही. ब्रदरनांपैकी काही जण नंतर वेगळे झाले आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. इतरत्रही जमिनी, शाळा, दवाखाने यांवरून मंडळ्या कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. म्हणून नागपूरला घडलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. डोक्यावर घेतलेले हात खरेच होते. ते रोज नव्यानं घ्यावे लागतात, आणि तिथे आपण कमी पडतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, नाहीतर या लिहिण्याचा दुरुपयोग होईल. नम्र व्हा असं मंडळीत बहुतेक वेळा त्यांनाच सांगितलं जातं जे आधीच वाकलेले असतात. बाईला सांगितलं जातं. झाडलोट करणाऱ्याला सांगितलं जातं. समितीचा हिशेब मागणाऱ्या तरुणाला सांगितलं जातं. ही ख्रिस्ताची नम्रता नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याविषयी त्यांना खरा जिव्हाळा होता, पुढे आयुष्यभर राहिला. पण रमाबाईंनी पुरुषांना शिकवावं की नाही हे बिशपमंडळी ठरवू लागली तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही. इकडच्या पुरोहितांचं जोखड महत्प्रयासानं मानेवरून उतरवलं ते दुसरं जोखड घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ साली जेराल्डिनबाईंना सरळ लिहून कळवलं. हे पत्र लिहिणारी बाई उद्धट होती असं तेव्हा अनेकांना वाटलं. तीच बाई पुढे दुष्काळात मध्य प्रांतात आणि गुजरातेत जाऊन, अंगावर कातडी आणि हाडं उरलेल्या मुली केडगावला आपल्या घरी घेऊन आली. कोलकात्याच्या विद्वानांनी जिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं होतं, तिनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, तेही अशा सोप्या मराठीत की खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कुणाला अर्थ विचारावा लागू नये. केडगावच्या त्यांच्या मुक्तिमिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्या मुलीच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. ग्रंथ छापून पूर्ण झाला तो १९२४ साली. बिशपांपुढे ताठ राहिलेली मान या मुलींपुढे सहज वाकली. कुठे वाकायचं हे तिला ठाऊक होतं.

आणि जात. मराठी ख्रिस्ती मंडळीत नम्रतेविषयी बोलायचं आणि जातीविषयी गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. प्रभुभोजनाचा प्याला हातोहात फिरतो. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि राबून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. पौल त्यावर इतका संतापला की असल्या जेवणाला प्रभूचं भोजन म्हणायलाही त्यानं नकार दिला. त्याचा प्रीतीविषयीचा जो अध्याय आपण लग्नांत वाचतो, तो याच फाटाफुटीच्या मंडळीला लिहिलेला आहे. लग्नाच्या मांडवात तो शोभतो, पण त्याची खरी जागा मंडळीच्या वार्षिक सभेत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहून ठेवलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधला काही काळ दुरावा होता. मग त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पत्नीचं मन आपोआप वळेपर्यंत ते थांबले. आणि एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार करून ठरवलं की हा भेद देवानं केलेला नाही, आता कुणाच्याही हातचं खाईन-पिईन. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे पाण्यानं डोकं भिजण्याआधी त्यांनी दुसऱ्याच्या हातचं पाणी पिऊन घेतलं होतं. आज आपल्या मंडळीत कुणी पाणी वेगळं ठेवत नाही. पण पोरीचं लग्न ठरवताना, पाळक कुठल्या घरातला आहे याची चौकशी करताना, समितीच्या निवडणुकीत मतं मोजताना काय होतं ते आपण सगळे जाणतो. तेवढ्यापुरतं आपण लक्ष्मीबाईंच्या मागेच आहोत.

आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध वडिलांना पक्षाघात झाला. या गृहस्थांनी चाळीसेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या होत्या, कुणाच्या घरी तांदूळ पोचवले, कुणाच्या मुलाची फी भरली. आजारी पडल्यावर मात्र त्यांनी घरच्यांना सांगून ठेवलं, देवळातलं कुणी आलं तर झोपलेत म्हणून सांगा. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, तोंडातून लाळ गळायची, या अवस्थेत त्यांना कुणाला दिसायचं नव्हतं. एका शनिवारी संध्याकाळी मंडळीतला एक तरुण विचारल्याशिवायच आत शिरला. या तरुणाशी त्यांचं देवळाच्या नव्या सभागृहावरून कडाक्याचं वाजलेलं होतं. जातीचा उल्लेखही तेव्हा कुणीतरी केला होता, आणि तो सगळ्यांच्या कानावर गेला होता. त्या तरुणाचे वडील सलूनमध्ये काम करायचे. त्यानं स्टीलच्या वाटीत कोमट पाणी मागून घेतलं, साबण फेसवला आणि म्हणाला, “काका, उद्या रविवार आहे. दाढी करून देतो.” काकांनी डाव्या हातानं नको नको केलं. तो थांबला, ब्रश वाटीतच धरून. घरातलं कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं काकांनी हात खाली घेतला आणि हनुवटी वर केली. पाळक आणि आम्ही दोघीतिघी तेव्हा दारातच होतो. आम्ही आत गेलो नाही. उजवा गाल लुळा पडलेला असल्यामुळे त्यानं आतून बोट लावून कातडी ताणली आणि अगदी सावकाश वस्तरा फिरवला. नंतर ओल्या पंच्यानं तोंड पुसलं, कानामागचा फेसही पुसला. काकांचे डोळे मिटलेले होते.

सभागृहाचा वाद यानं मिटला नाही. दोघांची मतं शेवटपर्यंत वेगळीच राहिली, काका आपलं म्हणणं पत्नीच्या हातून लिहून समितीकडे पाठवत राहिले, आणि तो तरुण त्याला उत्तरं देत राहिला. पण दर शनिवारी तो यायचा. आणि काका दर शनिवारी दुपारपासून त्याची वाट पाहायचे, असं काकूंनी आम्हाला नंतर सांगितलं.

मंडळीत मतभेद नसावेत असं मला वाटत नाही. पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे, चूक ती चूक म्हटलीच पाहिजे. युवदीया आणि सुंतुखे यांना पौलानं एकमेकींशी जुळवून घ्यायला सांगितलं, गप्प बसायला सांगितलं नाही. ज्याच्याशी माझा वाद आहे त्याच्याजवळ मला देण्यासारखं काहीतरी असतं, हे मी मान्य करते का? आणि ते घ्यायला त्याच्यापुढे जाते का? सकाळी प्रार्थनेला बसल्यावर हेच स्वतःला विचारायचं असं मी अलीकडे ठरवलं आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीची वार्षिक सभा आहे. कापणीच्या सणाला जमलेल्या निधीचा प्रश्न पुन्हा निघेल. तो पैसा देवळाच्या छपराला लावावा असं आमच्या खजिनदारांचं म्हणणं आहे, आणि तो मुलींच्या शिक्षणालाच गेला पाहिजे असं माझं. माझं मत बदललेलं नाही, आणि सभेत मी ते मांडणार आहे. पण माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे आणि मला तिची भीती वाटते. सभा सुरू व्हायच्या आधी खजिनदारांना बाजूला घेऊन मी सांगणार आहे, “भाऊ, माझ्यासाठी प्रार्थना करा.” त्यांची प्रार्थना लांबते, सगळ्यांना ठाऊक आहे. सभेला थोडा उशीर झाला तरी चालेल.